तार माझी, आभाळ त्याचं

गोरक्ष देवरे हवेत उडाला, याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. उडणाऱ्याने उडावं. माझं म्हणणं एवढंच, की ज्याने त्याला उडवलं त्याचं नाव सबंध नाशकात एकाच्याही तोंडी येऊ नये? मी वकील आहे, हा प्रश्न पुराव्यानिशी विचारतो आहे. ‘जळफळाट’ हा शब्द आमच्या घरातून आलेला आहे. माझ्या बाजूने तो कधीही कबूल करण्यात आलेला नाही.

हा गोरक्ष म्हणजे सटाण्याच्या एका बड्या कांदेवाल्याचा मुलगा. मुंबईला शिकायला म्हणून गेला आणि तिथल्या कुठल्याशा क्लबात बिनइंजिनाचं विमान उडवायला शिकून आला. त्याला म्हणे ग्लायडर म्हणतात. पंचवटीत आमच्या समोरचं घर त्याने भाड्याने घेतलं. एकटा जीव. दुसऱ्या बिऱ्हाडकरूंच्या सामानात पाटा-वरवंटा असतो, गाद्यांच्या वळकट्या असतात. याच्या बैलगाडीतून पंख उतरले. उंच, कुरळ्या केसांचा, आणि बोलायला अत्यंत नम्र. नम्र माणसाचा राग येणं फार अवघड असतं. मला जमलं.

अंगणात त्याने ते विमान जोडायला घेतलं आणि आळीचे सगळे व्यवहार थांबले. माझा एक अशील माझ्याच ओटीवर बसून, माझ्याकडे पाठ करून, समोरच्या अंगणाला आपली फिर्याद सांगू लागला. विमान म्हणजे तरी काय? काटक्या, कापड, तारा, आणि पुढे बसायला जेवणाच्या पाटाएवढी फळी. आजूबाजूला भिंत नाही, वर छप्पर नाही. मी म्हटलं, “यापेक्षा आमचं कपाट भक्कम आहे.” कोणी हसलं नाही.

चिमाजी अप्पा मात्र पुढे होऊन प्रश्न विचारत होते. अप्पा मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, आणि संक्रांतीला पतंग काटण्यात अजूनही आळीत पहिले. जगात जे जे वर जातं तो पतंग, अशी त्यांची श्रद्धा.

“उडवणार कसं हे धूड?” अप्पांनी विचारलं.

गोरक्ष म्हणाला, “सोपं आहे, अप्पा. अर्ध्या मैलावर एक मोटार उभी करायची. तिचं मागचं एक चाक उचलायचं, टायर काढायचा आणि त्या चाकाला तार जोडायची. तारेचं दुसरं टोक माझ्या विमानाच्या नाकाखाली, या आकड्याला. मोटार सुरू केली की चाक जागच्या जागी फिरतं, तार गुंडाळली जाते, मी जोरात ओढला जातो, पंखाखाली वारा येतो, आणि मी वर. पुरेसा वर गेलो की ही मूठ ओढायची, आकडा उघडतो, तार पडते. पुढे मी मोकळा.”

“म्हणजे पतंगच.”

“पतंगच. फक्त वर मी बसलेला.”

“आणि मोटार कोणाची?”

आळीत मोटार एकच होती, आणि तिच्या मालकाने यावेळी कपाळावरचा घाम पुसण्यात स्वतःला गुंतवून घेतलं होतं. तेवढ्यात माझ्या मागून, दारातून, माझ्या बायकोचा, मंगलेचा, आवाज आला, “आमची आहे की! नुसती उभीच असते.”

ही मोटार मी देवळाली कॅम्पातल्या एका गोऱ्या कप्तानाकडून घेतली होती. तो विलायतेला परत चालला होता आणि मला किल्ली देताना खूप हसला होता. तिचं इंजिन वाघासारखं होतं, पण वळायची वेळ आली की ती वळत नसे आणि थांबायची वेळ आली की थांबत नसे. एकदा ती मला घेऊन थेट एका लग्नाच्या मांडवात गेल्यापासून मंगलेने तिच्यात बसणं सोडलं होतं. देवळालीच्या बाजारातल्या बद्रुद्दीन मिस्त्रीने तिला बघून तोंडातला तंबाखू थुंकला आणि म्हणाला, “वकीलसाब, गाडी म्हणून ही काय कामाची नाय. पण एका जागी उभी करून रहाट करा हिचा, एकदम फस्क्लास!”

झालं. ती ओंडक्यांवर चढली. मागच्या चाकाला फळ्या ठोकून त्याचं रीळ बनलं. सगळ्या पंचवटीने तिचं नाव ‘वकिलाचा रहाट’ ठेवलं. माझ्या नावावर इतक्या वर्षांत लागलेली ही एकमेव पदवी.

रहाट चालवायचा कोणी, हाही प्रश्न आला. बद्रुद्दीन म्हणाला की हे इंजिन मालकाशिवाय कोणाचं ऐकत नाही. मी काचकूच करत होतो, तर मंगला म्हणाली, “तुम्हीच चालवा ना. कुठे जायचं तर नाहीच आहे.”

मध्ये पोलीस आले. फौजदारसाहेबांना एवढंच कळलं होतं की एक तरुण मनुष्य मुंबईहून येऊन उंच जागी जाणार आहे; आणि दिवस असे, की उंच जागी कोणी गेला तर तिरंगी निशाण लावायलाच गेला असं ते धरून चालत. शिवाय देवळालीला लष्कर. हे यंत्र वर गेल्यावर देवळालीच्या दिशेला तोंड करणार नाही, असं मी वकील या नात्याने लिहून द्यावं, अशी त्यांनी मागणी केली. मी म्हटलं, “साहेब, ते वाऱ्यावर आहे.” तर म्हणाले, “मग वाऱ्याचीही सही घ्या.” शेवटी अप्पांनी आपल्या कचेरीतल्या जुन्या पुण्याईवर, ‘मोठ्या आकाराचा पतंग, करमणुकीसाठी’ अशी नोंद करून परवानगी आणली. गोरक्षने अप्पांच्या पायाला हात लावला. मी फौजदारासमोर उन्हात उभा होतो त्याचं काही नाही.

ठरलेल्या दिवशी म्हसरूळच्या माळावर जत्रा लोटली. लोटली ती त्या टोकाला, विमानाकडे. या टोकाला मी, माझी गाडी, बद्रुद्दीन, एक बाभूळ आणि एक कुऱ्हाड. कुऱ्हाडीबद्दल गोरक्षने बजावून सांगितलं होतं: आकडा उघडलाच नाही तर क्षणाचाही विचार न करता तार तोडायची. बद्रुद्दीन कुऱ्हाड खांद्यावर घेऊन असा उभा होता, की वाटेने जाणारे लोक मला पाहून हळहळत होते.

अर्ध्या मैलावर पांढरं निशाण हळू हललं. म्हणजे ढिली तार ताणून घे. मी पाय अलगद दाबला. गवतातून तार सळसळत आली आणि ताठ झाली. मग निशाण जोरजोरात हललं. मी पाय पुरता दाबला. गाडी अशी थरथरली की माझी टोपी डोळ्यांवर आली. ती वर करून बघतो तो गोरक्ष जमिनीवर नव्हता.

खरं सांगतो, त्या क्षणी मला फार आनंद झाला. सटाण्याचा एक धडधाकट मनुष्य माझ्या उजव्या पायाच्या जोरावर आभाळात चढत होता. पाय दाबला की तो वर, उचलला की संथ. बायकोसुद्धा माझं इतकं ऐकत नाही. मग तो जवळजवळ माझ्या डोक्यावर आला, त्याने आकडा सोडला, आणि संपलं. म्हणजे माझं संपलं. त्याचं तिथून सुरू झालं. तो घारीसारख्या गिरक्या घेऊ लागला आणि मी, पडत्या तारेचा गुंता होऊ नये म्हणून, मान खाली घालून ती भराभरा गुंडाळत बसलो.

त्याला डोंगरावरून येणारा वारा सापडला होता. तो उतरायचं नावच घेईना. म्हणून मी अर्धा मैल ढेकळं तुडवत त्या टोकाला गेलो. वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, वा वकीलसाहेब, काय ओढलंत! मंगला गर्दीच्या पुढेच उभी होती. मान वर, तोंड उघडं, पापणी लवत नव्हती. लग्नात आंतरपाट दूर झाला तेव्हाही तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

ती म्हणाली, “जरा बाजूला व्हा. दिसत नाही.”

गोरक्ष उतरला. त्याला ओवाळलं. ओवाळणारी आमचीच. तेवढ्यात तार परत न्यायला आणलेले बैल लोकांच्या टाळ्यांनी बुजले आणि तार घेऊन नाशकाच्या रोखाने पळत सुटले. त्यांच्यामागे धावायला पुन्हा मीच, कारण बाकी सगळे गोरक्षला प्रश्न विचारत होते.

रात्री जेवताना मंगला म्हणाली, “काय शांत जातो नाही वर? अगदी पाखरासारखा.”

“त्या पाखराची तार माझ्या हातात होती.”

“हो. पण तार कोण बघतं?”

मी ताक न घेता उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी समोरच्या घरी गेलो आणि गोरक्षला रोखठोक सांगितलं, की गाडी माझी आहे. तिच्यावर यापुढे उडायचं असेल तर एकदा मी उडणार आणि तो ओढणार. मी भांडणाच्या तयारीने गेलो होतो. मुद्दे काढून नेले होते. तर हा गृहस्थ उभा राहिला, त्याने माझे दोन्ही हात धरले, आणि म्हणाला, “वकीलसाहेब, मी विचारायला संकोचत होतो. पहिला मान खरं तर तुमचाच!” आता अशा माणसाचं काय करायचं? माझे सगळे मुद्दे वाया गेले.

मग माझं शिक्षण सुरू झालं. आधी नुसतं जमिनीवरून ओढत नेत, मग हातभर वर, मग माणूसभर. दांडा पुढे केला की नाक खाली, पोटाशी घेतला की नाक वर, आणि पायाशी सुकाणू. अप्पा रोज सल्ला देत. “गोता खायला लागलात तर घाबरायचं नाही, ढील मागायची.” कोणाकडे मागायची हे ते सांगत नसत. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी मला नीट बघून घेतलं. एका अशिलाने आपले कागद परत नेले, म्हणाला, तुमचं उड्डाण झालं की आणतो. आणि मंगला एवढंच म्हणे, “कशाला हो हे?” गोरक्षला ती एकदाही ‘कशाला’ म्हणाली नव्हती.

मुहूर्त दसऱ्याचा धरला. साडेतीन मुहूर्तांतला एक, पंचांग बघायला नको. आणि लोक सीमोल्लंघनाला शिवेबाहेर जातात, मी वर जाणार. सकाळी पूजा मांडली. पाटावर माझे कायद्याचे ग्रंथ, बद्रुद्दीनचे पाने आणि हातोडे, आणि मधोमध ती कुऱ्हाड, हळद-कुंकू लावलेली, झेंडूच्या हारात. बद्रुद्दीनने स्वतः नारळ आणला होता. दुपारी निघताना तो कुऱ्हाड उचलायला वाकला, तर अप्पा कडाडले, “पूजेला मांडलेलं हत्यार उत्तरपूजेआधी हलवायचं नाही!”

“मग गाडी कशी हलणार? तिची पण पूजा केली,” बद्रुद्दीन म्हणाला.

“ते वाहन. वाहनाशिवाय सीमोल्लंघन कसं होईल? हत्याराची गोष्ट वेगळी.”

हा भेद मला कायद्याच्या दृष्टीने अगदी पटला. मी अप्पांच्या बाजूने निकाल दिला, आणि कुऱ्हाड पाटावर राहिली.

गोरक्ष उडाला तेव्हा विमानाला एक हार होता. म्हणून मी पंखांना, शेपटीला आणि मधल्या प्रत्येक काठीला हार घालून घेतले होते. गोरक्षने ते बघून नमस्कार केला आणि वजन वाढतं म्हणून एकेक करून सगळे काढले. तो आपल्या जागी, रहाटाकडे, चालायला लागल्यावर मी एक टपोरा हार हळूच विमानाच्या नाकाला बांधला. उत्सवमूर्ती अगदीच उघडी कशी बसणार?

मी विमानाच्या फळीवर बसलो. पट्टा बांधला. गर्दी या टोकाला होती, माझ्याभोवती होती. हिरव्या लुगड्यातली मंगला पुढेच उभी होती. मी तिला म्हटलं, “नीट बघ हं.” निशाण हळू हललं, तार ताठ झाली. निशाण जोरात हललं, आणि कोणीतरी माझ्या पोटात हात घालून मला पुढे खेचलं.

माणसाने घाबरल्यावर काहीतरी छातीशी धरावं हा निसर्ग आहे. माझ्या हातात दांडा होता, मी तो छातीशी धरला. विमानाचं नाक वर झालं. एवढं वर, की मला माझे बूट दिसत होते आणि बुटांच्या पलीकडे निखळ आभाळ. माणूसभर उंची केव्हाच मागे पडली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून गोदावरी दिसली, धुवून वाळत घातलेल्या पंचासारखी. आणि मनात विचार एकच: बघतेय ना?

मग ओढ कमी झाली. गोरक्षने पाय उचलला होता. ही सोडायची खूण. मी दांडा पुढे केला, मूठ ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. नाही. खाली वाकून पाहिलं तर माझ्या टपोऱ्या हाराचे झेंडू आकड्याच्या जबड्यात गच्च बसले होते. हा हार ज्या माळिणीकडून घेतला तिने तो इतका मजबूत ओवायचं काय कारण होतं?

खाली काय झालं ते मला मागाहून कळलं. तार सुटली नाही हे लोकांच्या ध्यानात आलं आणि “कुऱ्हाड! कुऱ्हाड!” असा एकच ओरडा झाला. गोरक्षने बद्रुद्दीनकडे पाहिलं. बद्रुद्दीनने अप्पांकडे पाहिलं. कुऱ्हाड पंचवटीत, आमच्या देवघरात, हार घालून पूजेत बसली होती. त्यावर अप्पा बेंबीच्या देठापासून ओरडले, “ढील द्या! ढील द्या!” आणि गोरक्षने गिअर सोडून चाक मोकळं केलं.

वरून मला जे दिसलं ते वेगळंच होतं. सगळी गर्दी उठली आणि रहाटाकडे धावत सुटली. जत्रा माझ्या पायाखालून निघून त्या टोकाला गेली. मी खाली होतो तेव्हा लोक वर बघत होते. मी वर आलो तर सगळे खाली बघायला पळाले. मला इतका संताप आला, की दोन्ही पाय फळीला रोवून मी ती मूठ दोन्ही हातांनी उपटली. झेंडूचा भुगा झाला, आकडा खाडकन उघडला, आणि तार गेली.

मग काही आवाजच राहिला नाही. फक्त कापडावरून जाणारा वारा. मी आयुष्यात इतका एकटा आणि इतका खूश कधीच नव्हतो. सुमारे एक मिनिट मला गोरक्षची आठवण झाली नाही. नंतर झाली, मी गिरकी घ्यायचा प्रयत्न केला, आणि विमान मला घेऊन सरळ शेजारच्या बाजरीत उतरलं.

बाजरी राखायला माळ्यावर कुसाबाई म्हणून एक म्हातारी उभी होती. तिने गोफणीतून एक खडा सणसणीत सोडला, तो पंखाच्या कापडातून आरपार गेला. मी हात वर केले तेव्हा ती खाली उतरून आली.

“अगं बया, मानूस हाय व्हय! मला वाटलं, लय मोठं पाखरू कनसावर बसलं.”

नाशिक जिल्ह्यात माझं उड्डाण समोरासमोर पाहिलेली एवढी एकच साक्षीदार, आणि तीही फिर्यादी.

मी बाजरीतून बाहेर आलो. लांब रहाटाजवळ लोकांनी गोरक्षला खांद्यावर घेतलं होतं. वकिलाला वाचवला म्हणून. तो बिचारा “मला उतरवा, त्यांना शोधा” असं हातवारे करून सांगत होता. पण खांद्यावर घेतलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

माळाच्या त्या मोकळ्या झालेल्या टोकाला फक्त हिरवं लुगडं होतं. मंगला जिथे होती तिथेच उभी होती. ती गर्दीबरोबर धावली नव्हती. मला धीर आला. म्हणजे हिने तरी सगळं पाहिलं. मी टोपी सारखी केली आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

तिचे डोळे मिटलेले होते. घट्ट, लहान मूल कडू औषध घेताना मिटतं तसे. हात जोडलेले, आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते.

“अगं,” मी म्हटलं.

तिने एक डोळा किंचित उघडला. मग दुसरा.

“आलात?”

“आलो. कसा दिसत होतो?”

“कधी?”

“कधी म्हणजे? वर असताना!”

“मला काय माहीत? निशाण हललं आणि मी डोळे मिटले, ते आत्ता उघडतेय.”

माझा तोल गेला. “एवढा मी जिवावर उदार होऊन उडालो आणि तू पाहिलंच नाहीस? गोरक्ष उडाला तेव्हा तर पापणी लवली नव्हती तुझी!”

“त्याच्याकडे बघायला काय लागतं?” ती म्हणाली. “तो पडला असता तर अरेरे म्हणून घरी येऊन भात टाकला असता मी.”

बोलता बोलता तिने माझ्या केसांतलं बाजरीचं कुसळ काढायला हात वर केला. तो हात थंडगार होता. दूर खांद्यावरचा गोरक्ष आम्हाला पाहून आनंदाने हात हलवत होता, आणि मला त्याची पहिल्यांदाच मनापासून दया आली. बिचारा उडाला तेव्हा सगळं गाव त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत होतं.